पिंगळ्याला नव्हे, घरट्याला कुंपण घाला

मार्च महिना सरत आला की शहरातील जुन्या सोसायट्यांच्या आवारात आणि बंगल्यांच्या परसात पहाटेपासून दयाळाची शीळ ऐकू येऊ लागते. आंब्याच्या खोडावर टांगलेल्या लाकडी पेटीत काड्या-मुळ्या जमू लागतात. काही दिवसांनी पेटीतून पिल्लांचा चिवचिवाटही ऐकू येतो. सारी सोसायटी कौतुकाने त्या पेटीकडे पाहत असते. आणि एके दिवशी सकाळी पेटी रिकामी आढळते. खाली दोन-चार पिसे पडलेली असतात. आदल्या रात्री समोरच्या दिव्याच्या खांबावर पिंगळा बसलेला कोणीतरी पाहिलेला असतो. तेवढ्या पुराव्यावर निकाल लागतो. पिंगळ्याची ढोली सिमेंटने बुजवावी किंवा ती फांदीच तोडावी, अशी मागणी पुढे येते.

घरट्याविषयीचा हा जिव्हाळा खरा असला तरी त्यातून सुचलेला उपाय चुकीचा आहे. ढोली बुजविल्याने पिंगळ्याची पिल्ले आत गुदमरून मरतात आणि कायद्याने तो गुन्हा ठरतो. शिवाय पुढच्या वर्षी दयाळाची पिल्ले वाचतील याचीही खात्री नसते. परसातील घरटी घुबडांपासून वाचविता येतात. मात्र त्यासाठी लक्ष घुबडाऐवजी घरट्याकडे, घरट्याच्या जागेकडे आणि आपल्या सवयींकडे द्यावे लागते.

शहरातील घुबडे कोणती?

महाराष्ट्रातील शहरांत प्रामुख्याने दोन जातींची घुबडे माणसाच्या शेजाराने राहतात. पहिला पिंगळा. लांबी जेमतेम २१ सेंटिमीटर, करड्या-तपकिरी अंगावर पांढरे ठिपके आणि पिवळे टपोरे डोळे. वड, पिंपळ, चिंच, आंबा अशा जुन्या झाडांच्या ढोल्यांत किंवा पडक्या भिंतींच्या खबदाडांत त्याची जोडी राहते. दिवेलागणीला तो बाहेर पडतो आणि त्याचा कर्कश चिरचिराट सुरू होतो. पहाटे कंदील आणि कुडबुडे घेऊन दारोदार भविष्य सांगत फिरणाऱ्या पिंगळा जोशालाही याच पक्ष्याचे नाव मिळाले आहे, कारण त्याला पिंगळ्याची भाषा कळते असे मानले जाई.

दुसरे गव्हाणी घुबड. आकाराने पिंगळ्याच्या जवळजवळ पावणेदोन पट, बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा आणि अंगावर सोनेरी-करडी झाक. जुने वाडे, देवळांची शिखरे, गोदामे, उंच इमारतींच्या पोटमाळ्यासारख्या जागा ही त्याची वसतिस्थाने होत. शहराच्या वेशीवरच्या टेकड्या, दगडखाणी आणि नाल्यांच्या कडांवर मोठे शृंगी घुबडही आढळते. परंतु परसातल्या घरट्यांशी त्याचा संबंध क्वचितच येतो.

गव्हाणी घुबडाचे मुख्य अन्न उंदीर, घुशी आणि चिचुंद्री. एक जोडी आणि तिची पिल्ले मिळून वर्षाकाठी हजाराहून अधिक उंदरांचा फडशा पाडू शकतात. पिंगळ्याच्या आहारात भुंगेरे, पतंग, नाकतोडे यांचा वाटा मोठा. त्याखेरीज पाली, सरडे, लहान उंदीर आणि संधी मिळाल्यास पक्ष्यांची पिल्लेही तो खातो. म्हणजे पिंगळ्यावरचा आरोप सर्वस्वी खोटा नाही. मात्र पक्ष्यांची पिल्ले हे त्याचे नित्याचे अन्न नव्हे, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे.

आरोप करण्यापूर्वी पुरावा

परसातील घरट्याला अनेक शत्रू असतात. कावळा, टकाचोर आणि भारद्वाज दिवसाढवळ्या अंडी-पिल्ले पळवितात. शिक्रा झडप घालतो. मांजर तर शहरी आवारातील सर्वांत सराईत शिकारी. धामण झाडावर सहज चढते. उंदीर आणि घुशी रात्री अंडी फस्त करतात. या सगळ्यांत रात्री आवाज करणारा आणि दिव्याच्या उजेडात दिसणारा पिंगळाच असल्याने बोट त्याच्याकडे दाखविले जाते.

कोणी काय केले याचा थोडाफार अंदाज खुणांवरून बांधता येतो. घरटे खाली ओढले गेले असेल, फांदी वाकली असेल तर संशय मांजरावर घ्यावा. घरटे जसेच्या तसे आणि आतील अंडी किंवा पिल्ले मात्र नाहीशी, असे असेल तर साप असण्याची शक्यता वाढते. कुरतडलेली कवचे आणि लेंड्या उंदराकडे बोट दाखवितात. सकाळी पाहिलेली पिल्ले त्याच दिवशी दुपारी दिसेनाशी झाली, तर रात्री फिरणाऱ्या पक्ष्याला दोष देण्यात अर्थ नाही. उलट पिल्ले रात्रीतून गेली आणि घरट्यालगत मोठ्या पक्ष्याची, म्हणजे आईची, पिसे पडलेली असली तर घुबडाचा विचार करावा लागतो. अर्थात या खुणा खात्रीच्या नव्हेत. मांजरही रात्री शिकार करते.

अधिक भरवशाचा पुरावा घुबड स्वतःच ठेवून जाते. भक्ष्याची हाडे, केस, पिसे आणि किड्यांची कठीण आवरणे त्याला पचत नाहीत. त्यांची गोळी करून ते ती तोंडावाटे टाकून देते. पिंगळ्याच्या किंवा गव्हाणी घुबडाच्या नेहमीच्या बैठकीखाली अशा गोळ्या सापडतात. हातमोजे घालून, ती गोळी कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने अलगद सोडविली की घुबडाने काय खाल्ले ते कळते. भुंगेऱ्यांचे चमकदार पंख आणि उंदराचे जबडे हाती लागले, तर त्या घुबडाबद्दलचे मत बदलायला हरकत नाही. शाळकरी मुलांसाठी जीवशास्त्राचा याहून चांगला धडा दुसरा नसेल.

घुबड घरट्यापर्यंत पोहोचते कसे?

संरक्षणाचा उपाय ठरविण्यापूर्वी घुबडाची शिकार करण्याची रीत समजून घ्यावी लागते. घुबडाच्या पंखांच्या कडा झालरीसारख्या मऊ असल्याने त्याच्या उडण्याचा आवाज होत नाही. गव्हाणी घुबडाचे दोन्ही कान डोक्यावर वेगवेगळ्या उंचीवर असतात. त्यामुळे आवाज नेमका कोठून आला हे त्याला मिट्ट काळोखातही कळते. पिंगळा मात्र नजरेवर अधिक विसंबतो. तो खांबावर, तारेवर किंवा उघड्या फांदीवर बसून टेहळणी करतो आणि हालचाल दिसली की झेपावतो. रस्त्यावरच्या दिव्याभोवती किडे जमतात म्हणून तेथे त्याची बैठक ठरलेली असते.

यातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. घरट्याजवळ बसायला सोयीची जागा असली, घरट्यावर उजेड पडत असला आणि घरट्यात रात्री खळबळ झाली, तर धोका वाढतो. या तिन्ही गोष्टी बऱ्याचदा माणसाने निर्माण केलेल्या असतात. पेटी दिव्याच्या खांबालाच टांगली जाते. गच्चीवरचा दिवा रात्रभर जळत राहतो. कोणी बॅटरी लावून पिल्ले पाहते, कोणी मोबाइलच्या फ्लॅशवर छायाचित्र घेते. अंडी उबविणारी मादी अंधार पडल्यावर निश्चल बसून राहते आणि तेच तिचे संरक्षण असते. तिला उडविले की ती आपला ठावठिकाणा जाहीर करते.

हंगामाचा मेळही लक्षात घेण्याजोगा आहे. पिंगळ्याची वीण साधारणतः नोव्हेंबर ते एप्रिल या काळात होते, तर दयाळाची मार्च ते जुलै. म्हणजे पिंगळ्याच्या घरी खाणारी तोंडे असतात नेमक्या त्याच वेळी दयाळ, बुलबुल, शिंपी यांची पहिली घरटी झालेली असतात. मार्च-एप्रिल हे दोन महिने म्हणूनच विशेष जपण्याचे.

अमेरिकेतील धडा

या प्रश्नाचा सर्वाधिक पद्धतशीर विचार झाला तो उत्तर अमेरिकेत, आणि तोही एका पक्ष्यामुळे. भिंगरीच्या कुळातला 'पर्पल मार्टिन' हा पक्षी त्या खंडाच्या पूर्व भागात आज जवळजवळ संपूर्णपणे माणसाने पुरविलेल्या घरांत वीण करतो. तेथील मूळ रहिवासी वाळलेले पोकळ भोपळे खांबाला टांगून या पक्ष्यांना बोलावीत असत. पुढे त्यांची जागा अनेक खणांच्या लाकडी आणि ॲल्युमिनियमच्या घरांनी घेतली. एका खांबावर डझनावारी जोड्या नांदू लागल्या आणि घुबडालाही एकाच जागी भरलेले ताट मिळाले.

तेथील 'ग्रेट हॉर्न्ड आउल' हे आपल्याकडच्या शृंगी घुबडाचे भाऊबंद. ते रात्री या घरावर उतरते, पंख आपटून आतल्या पक्ष्यांना घाबरविते आणि लांब पाय भोकातून आत घालून हाती लागेल ते ओढते. जुन्या घरांचे खण सहा इंच खोल असत. भोकापासून मागची भिंत इतकी जवळ असल्याने नखे सहज पोहोचत.

यावर तेथील पक्षीप्रेमींनी काढलेला तोडगा साधा होता. खण बारा इंच खोल केले आणि घरटे भोकापासून दूर, मागच्या बाजूस जाईल अशी रचना केली. घराभोवती तारांचा पिंजरा बसविला. त्याच्या फटींतून मार्टिन ये-जा करतो; मोठ्या घुबडाला मात्र भोकाजवळ टेकता येत नाही. घुबडाला मारणे तेथेही कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे घुबड आणि भोक यांच्यातले अंतर वाढविणे हाच मार्ग उरला आणि तोच परिणामकारक ठरला.

आपल्या पेट्या चुकतात कोठे?

महाराष्ट्रात घरट्याच्या पेट्यांचा प्रसार झाला तो मुख्यतः चिमण्यांच्या निमित्ताने. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या 'नेचर फॉरेव्हर सोसायटी'च्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. तेव्हापासून शाळा, सोसायट्या आणि राजकीय कार्यकर्तेही पेट्या वाटू लागले. हेतू चांगला असला तरी वाटल्या जाणाऱ्या अनेक पेट्या देखणेपणा पाहून केलेल्या असतात. त्यांचे भोक गरजेपेक्षा मोठे, तळ उथळ आणि भोकाखाली एक दांडी असते. चिमणीला त्या दांडीची मुळीच गरज नसते. तिचा उपयोग होतो तो कावळ्याला, मांजराला आणि पिंगळ्याला.

पेटी घेताना किंवा सुताराकडून करून घेताना पुढील गोष्टी तपासाव्यात.

भोक : चिमणीसाठी ३२ मिलिमीटर व्यासाचे भोक पुरते. त्यातून पिंगळ्याचे अंग आत जाणे शक्य नाही. दयाळ मोठा असल्याने त्याला मोठे भोक लागते आणि म्हणूनच त्याच्या पेटीत खोलीचे महत्त्व अधिक.

खोली : भोकाच्या खालच्या कडेपासून तळापर्यंत किमान १२५ मिलिमीटर अंतर हवे, दयाळाच्या पेटीत त्याहूनही अधिक. पाय आत घालणाऱ्या शिकाऱ्याला पिल्ले लागू नयेत, यासाठी हे अंतर असते.

जाडी : फळी किमान १५ मिलिमीटर जाड असावी. भोकाभोवती बाहेरून इंचभर जाडीचा, तेवढ्याच भोकाचा ठोकळा बसविल्यास भोकाचे बोगद्यात रूपांतर होते आणि आत घातलेला पाय वाकवून खाली नेणे शिकाऱ्याला कठीण जाते. खार किंवा उंदीर भोक कुरतडून मोठे करीत असतील तर कडेला पत्र्याची चकती लावावी.

छप्पर : पुढे आलेले आणि उतरते हवे. वर बसून वाकून आत पाहणाऱ्याला त्यामुळे अडथळा होतो आणि पावसाचे पाणीही आत येत नाही.

जागा : जमिनीपासून साधारण तीन मीटर उंचीवर, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून आणि दुपारचे ऊन पश्चिमेकडून येते. पेटीसमोर आडवी फांदी, केबलची तार किंवा कठडा असू नये. दिव्याजवळ तर पेटी लावूच नये.

उघड्या घरट्यांचे काय?

बुलबुल, नाचण, शिंपी, सूर्यपक्षी हे पक्षी पेटीत येत नाहीत. कुंडीतल्या झाडावर, वेलीत, कधी बाल्कनीतल्या दिव्याच्या वायरवर ते घरटे करतात. अशा घरट्याभोवती जाळी बांधण्याचा मोह अनेकांना होतो. येथे एक मोठी अडचण आहे. शेपटीसह बुलबुलाची लांबी सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे पिंगळ्याच्या जवळपास. बुलबुल सहज ये-जा करील आणि पिंगळा अडेल अशी जाळी मिळणे अवघड. दहा सेंटिमीटरच्या सूर्यपक्ष्यासाठी ते शक्य आहे. पण चालू घरट्याभोवती अचानक काही नवे बांधले तर पक्षी घाबरून घरटे सोडून जाण्याचा धोका असतो. त्यामुळे जाळी हा पहिला नव्हे, शेवटचा उपाय समजावा.

उघड्या घरट्याचे खरे संरक्षण म्हणजे दाट पाला. मेंदी, करवंद, लिंबू, बोगनवेल अशी काटेरी किंवा गच्च वाढणारी झाडे परसात असतील तर लहान पक्षी त्यांच्या पोटात घरटे करतात आणि पंख पसरून येणाऱ्या शिकाऱ्याला तेथे शिरता येत नाही. सोसायट्यांत मात्र पावसाळ्यापूर्वीची छाटणी नेमकी एप्रिल-मे महिन्यांत होते. एका दिवसात कुंपण भुंडे होते, आतली घरटी उघडी पडतात आणि मग दोष पिंगळ्याला दिला जातो. ही छाटणी हंगामापूर्वी, हिवाळ्यात उरकली तर अनेक घरटी आपोआप वाचतील. धोकादायक फांदी तोडणे अपरिहार्य असेल तर तीत घरटे आहे का, एवढे तरी आधी पाहावे.

एवढे करूनही काही घरटी जातातच. उष्ण प्रदेशातील उघड्या घरट्यांपैकी निम्मी किंवा त्याहून अधिक घरटी पिल्ले उडण्यापूर्वीच उजाड होतात, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. पक्ष्यांनी हा तोटा आपल्या जगण्यात गृहीत धरला आहे. घरटे गेले की बुलबुलाची जोडी थोड्याच दिवसांत दुसरे बांधावयास घेते. म्हणून घरटे मोडल्यावर हळहळण्याइतकेच, दुसऱ्या घरट्यासाठी आवार शांत ठेवणेही महत्त्वाचे.

घुबड हटविल्याने काय होते?

पिंगळा गेला तर घरटी सुरक्षित होतील, हा हिशेब अपुरा आहे. घुबडे कमी झाली की उंदीर वाढतात आणि उंदीर हे स्वतः अंड्यांचे चोर आहेत. उंदरांसाठी विष घातले तर प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. ब्रोमाडिओलोनसारखी विषे खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो मंदावून फिरत राहतो. असा उंदीर घुबडाच्या सहज तावडीत सापडतो आणि विष घुबडाच्या पोटात जाते. इस्रायलमध्ये १९८० च्या दशकापासून शेतकरी विषाऐवजी गव्हाणी घुबडांसाठी शेतात पेट्या लावू लागले. पुढे जॉर्डनमधील शेतकरीही या प्रयत्नात सहभागी झाले. तेथे घुबडासाठी घर बांधले जाते आणि येथे त्याचे घर बुजविले जाते, हा विरोधाभास विचार करायला लावणारा आहे.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये घुबडांना संरक्षण असून त्यांना मारणे, पकडणे, पाळणे किंवा त्यांची अंडी-पिल्ले नष्ट करणे हा गुन्हा आहे. तरीही अंधश्रद्धेपोटी त्यांचा व्यापार चालतो. 'ट्रॅफिक इंडिया'ने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशातील सुमारे ३० जातींपैकी निम्म्या जाती या अवैध व्यापारात आढळल्याचे नमूद केले होते. दिवाळीच्या सुमारास, लक्ष्मीचे वाहन मानल्या गेलेल्या याच पक्ष्याचा लक्ष्मी प्रसन्न व्हावी म्हणून बळी दिला जातो.

गैरसमज दूर करण्याचे प्रयत्नही महाराष्ट्रात झाले आहेत. पुरंदर तालुक्यातील पिंगोरी येथे इला फाउंडेशनने २०१८ मध्ये घुबडांसाठी 'उलूक उत्सव' भरविला आणि शाळकरी मुलांना त्यात सामील करून घेतले. याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना वन पिंगळा पुन्हा आढळला. शंभराहून अधिक वर्षे त्याची खात्रीलायक नोंद झाली नव्हती.

भांडण ढोलीचे

पिंगळा आणि इतर पक्षी यांच्यातला संघर्ष शहरात तीव्र होण्याचे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे जागेची टंचाई. पिंगळा, साळुंकी, पोपट, दयाळ हे सारे ढोलीत वीण करणारे पक्षी. ढोली तयार होण्यासाठी झाडाला म्हातारे व्हावे लागते, त्याची एखादी फांदी वाळावी लागते. शहरात रस्तारुंदी आणि पुनर्विकासात अशीच झाडे आधी जातात. उरलेल्या एखाद्या ढोलीसाठी मग साळुंकी आणि पिंगळा भांडतात आणि शिकारी व भक्ष्य एकाच झाडावर राहावयास भाग पडतात. नागरी क्षेत्रातील झाडांसाठी १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि २०२१ मधील दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना 'वारसा वृक्ष' मानले आहे. अशा झाडांची नोंद सोसायटीने स्वतःहून करून घेतली, तर पिंगळा आणि दयाळ या दोघांचेही घर राखले जाईल.

दिवसा कावळ्यांनी घेरलेले घुबड दिसले की ते अपराधी आहे असे मानण्याचे कारण नाही. शिकाऱ्याचा ठावठिकाणा उघड करून त्याला हाकलणे ही लहान पक्ष्यांची नित्याची रीत आहे. घुबड जखमी असेल किंवा त्याचे पिल्लू खाली पडले असेल तर परस्पर घरी न नेता वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे.

घुबडाला दगड मारला तर ते तो दगड नदीवर नेऊन घासते आणि दगड झिजेल तसा मारणारा माणूस झिजतो, असे जुनी माणसे सांगत. आज या समजुतीवर कोणी विश्वास ठेवू नये. पण तिच्या धाकाने कित्येक हात खाली आले असतील, हे नाकारता येत नाही. आता तो धाक उरलेला नाही. त्याची जागा माहितीने घ्यावयाची आहे. घरट्याच्या पेटीचा तळ चार बोटे खोल करणे, भोकाखालची दांडी काढून टाकणे आणि रात्री गच्चीवरचा दिवा मालविणे एवढ्यानेही परसातली बरीच पिल्ले पंख फुटेपर्यंत सुखरूप राहू शकतील, आणि दिवेलागणीला समोरच्या झाडावरून पिंगळ्याचा चिरचिराटही ऐकू येत राहील.